मंडळीचा कारभार कोणाचा?

हैदराबादच्या चिक्कडपल्लीला लागून, गोलकोंडा क्रॉस रोड्सवर ‘हेब्रोन’ आहे. रविवारी सकाळी पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं बायबल काखेत धरून आत जाताना दिसतात. दारातच ‘वंदनालु’ म्हणत हात जोडले जातात. आत बाकं नाहीत, जमिनीवर चटया अंथरलेल्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाची नजर सवयीने समोर जाते आणि झगा घातलेले पाळकसाहेब शोधू लागते. मीही शोधले. इथे तशी व्यवस्थाच नाही.

ही पद्धत घालून दिली बख्त सिंग यांनी. १९०३ मध्ये पंजाबातल्या शीख घरात जन्मलेला हा माणूस इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला गेला आणि पुढे कॅनडात ख्रिस्ताकडे वळला. १९३३ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा आईवडील भेटायला आले होते. हा विश्वास निदान घराण्याच्या अब्रूसाठी गुप्त ठेव, एवढंच त्यांचं मागणं होतं. बख्त सिंगांनी ते मानलं नाही आणि घर सुटलं. पुढे मद्रासजवळ पल्लावरमच्या टेकडीवर सहकाऱ्यांसह त्यांनी रात्रभर प्रार्थना केली आणि १९४१ मध्ये ‘यहोवा शम्मा’ ही मंडळी उभी राहिली. हैदराबादचं हेब्रोन १९५० च्या सुमाराचं. सप्टेंबर २००० मध्ये याच शहरात त्यांचं निधन झालं.

परदेशी मिशनचा पैसा आणि मिशनने नेमलेला पगारी पाळक, या दोन्हींवाचून मंडळी चालू शकते हे त्यांना दाखवायचं होतं. पूर्णवेळ सेवा करणारे सेवक आहेत, पण त्यांना ठरलेला पगार नाही. कारभार पाहतात ते मंडळीतले वडील. प्रभुभोजनाआधीच्या आराधनेत कोणीही उभं राहून प्रार्थना करतं. कोणी दुकानदार, कोणी निवृत्त कारकून, कधी बायकांच्या बाजूने एखादा थरथरता म्हातारा आवाज. कोण बोलणार हे आधी ठरलेलं नसतं. त्यामुळे उपासना लांबते, काही प्रार्थना त्याच त्या होतात, लहान मुलं पेंगतात. तरीही तीन-चार तास बसलेला माणूस इथे प्रेक्षक उरत नाही.

खरी जबाबदारी दिसते ती उपासना संपल्यावर. तेव्हाच्या एकत्र जेवणाला तेलुगूत ‘प्रेमविंदु’ म्हणतात, आपण प्रीतिभोजन म्हणू. चटया तशाच राहतात, माणसं समोरासमोर रांगा धरतात आणि भाताची घमेली फिरू लागतात. वाढणाऱ्यांत मघाशी उपदेश करणारेही असतात. एका साठीच्या गृहस्थांनी शर्टाच्या बाह्या दुमडून सांबाराची बादली उचलली होती, आणि ओळ संपेपर्यंत कोणालाही ‘थोडं थांबा’ म्हणावं लागलं नाही. ते वडीलमंडळींपैकी आहेत, हे मला नंतर कळलं. जेवणारे कोणत्या जातीचे, कोणत्या पगाराचे, हे त्या पंगतीत विचारलं जात नाही. आंध्र-तेलंगणात आणि महाराष्ट्रातही ख्रिस्ती मंडळ्यांत जात पूर्ण गेलेली नाही, हे ज्यांनी सोसलंय त्यांना या पंगतीची किंमत सांगावी लागत नाही. वार्षिक पवित्र मेळाव्यात हीच पंगत हजारोंची होते. भाजी चिरण्यापासून मांडव घालण्यापर्यंतची कामं मंडळीतलीच माणसं वाटून घेतात.

महाराष्ट्रातली वाट वेगळी आहे, पण प्रश्न तोच. अहमदनगरमधली अमेरिकन मराठी मिशनची पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा कारभार स्वतः करावा, सुवार्ताही स्वतः पसरवावी, हा रूफस अँडरसन यांचा आग्रह त्यामागे होता. अमेरिकेतल्या मिशनचे हे चिटणीस त्याच सुमारास मराठी मुलखात आले होते. त्या परंपरेतून आपल्याकडे सभासदांची यादी, निवडून आलेली कमिटी, खजिनदार, वार्षिक सभा आणि सभेत वाचला जाणारा हिशोब आला. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तरी मंडळीच्या पातळीवर कमिटीचा हा रिवाज टिकला.

दोन्ही पद्धती जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की एकीतलं दुसरीत आणायला हवं. नाव सांगत नाही, पण आमच्या ओळखीच्या एका मंडळीत वर्षानुवर्षं एकच माणूस पैसे गोळा करायचा, तोच खर्च करायचा आणि तोच हिशोब वाचायचा. माणूस वाईट नव्हता. पण छपराच्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या निधीवरून भांडण झालं तेव्हा कोणाकडेच कागद नव्हता, आणि दोन कुटुंबं मंडळी सोडून गेली. दोष फक्त त्या खजिनदाराचा नव्हता. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं मानून गप्प बसलेले सभासदही त्यात होतेच. ज्या मंडळ्यांत निवडणूक नाही, वडिलांना मुदत नाही, तिथे हा धोका आणखी मोठा. प्रार्थनेतून एकमत होईपर्यंत थांबायचं ही रीत सुंदर आहे, पण पैशाची वही उघडी नसेल तर तिचा आधार घेऊन कोणीही मनमानी करू शकतो.

‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात हा पेच आलेला आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही आणि सगळं काम स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा, असं त्यांनी मंडळीला सांगितलं. निवड मंडळीने केली, हात ठेवून नेमणूक प्रेषितांनी केली. कुरकुर करण्याचा हक्क, निवडीचा हक्क आणि नेमणुकीची जबाबदारी अशी तिन्ही कामं तिथे वाटली गेली. निवडलेल्यांपैकी स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला. त्याच्यावर सोपवलेलं काम होतं अन्न वाढण्याचं.

म्हणून माझ्यासारख्या मराठी ख्रिस्ती वाचकांना एक विनंती आहे. येत्या वार्षिक सभेला शेवटच्या रांगेत बसून चहाची वाट पाहू नका. हिशोबाची प्रत मागा, ती वाचा, शंका असेल तर उभे राहून विचारा. आणि घरी निघण्यापूर्वी दर महिन्याच्या एका कामापुढे स्वतःचं नाव लिहून या, मग ते आजाऱ्यांना भेटणं असो, दान मोजणं असो की पंगत वाढणं.