पडत्या फळाची आज्ञा

यंदाच्या अप्रेझलमध्ये मॅनेजरने लिहिलं की हा सोपवलेलं काम 'अलॅक्रिटी'ने करतो. हा शब्द मी याआधी पाहिला होता तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, जीआरईच्या शब्दयादीत. अमेरिका राहून गेली, शब्द तेवढे डोक्यात राहिले. तेव्हा वहीत अर्थ लिहिला होता, 'तत्परता'. पण तत्परता कपाळाला आठ्या घालूनही दाखवता येते. अलॅक्रिटीत खुशी लागते. मूळ लॅटिन शब्द 'अलाकेर', म्हणजे चपळ, उत्साही. त्यातूनच पाश्चात्य संगीतातला 'अलेग्रो' आला.

मराठीत याला काय म्हणावं? ठाण्याहून डोंबिवलीला परतताना गाडीत सुचलं, 'एका पायावर तयार'. (दुसऱ्या पायाला जागाच नव्हती, हा भाग वेगळा.) पण त्याहून नेमकी आहे 'पडत्या फळाची आज्ञा'. सीतामाईने खाली पडलेली फळं तेवढी खा म्हटलं, तर मारुतीने झाडंच गदागदा हलवली! हुकूम पाळायची एवढी हौस, की त्यात थोडा वात्रटपणाही आला.

माझी आजी कल्याणला राहते. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून 'जीवन प्रमाण'मुळे तो ऑनलाइन देता येतो, आता तर फोनसमोर चेहरा धरला तरी चालतं. "आजी, तू बँकेत जाऊ नकोस, मी येऊन करून देतो," असं मीच सांगितलं होतं. डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये एकटं ठाकुर्ली. तरी चार रविवार गेले. त्याच महिन्यात रात्री साडेअकराला मॅनेजरचा मेसेज आला, तेव्हा मी दोन मिनिटांत लॅपटॉप उघडला होता. वर हसरा इमोजीही पाठवला.

महिना संपता संपता आजीला फोन केला.

"अरे, मी कालच जाऊन आले बँकेत. रांगेत शाळेतली जुनी सहकारी भेटली. दोघींनी उसाचा रस प्यायला. तू येतोस का जेवायला? वालाचं बिरडं केलंय."

"आलोच," म्हणालो आणि चपला घातल्या. जिन्यात फोन वाजला. मॅनेजर. तिथेच पायरीवर बसून 'शुअर' टाइप केलं.

आजीकडे पोचायला साडेदहा झाले. बिरडं झाकून ठेवलेलं होतं, ती झोपली होती.