सहा जोड्या

८ डिसेंबर, पेठ वडगाव
पहाटेच खोडव्यात शिरले. दव. बारा पट्ट्या, म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडीत एका पट्टीत पाचट तसंच ठेवलेलं, दुसरीतलं बांधावर ओढून जाळलेलं. कुठल्या पट्टीत काय, ते गेल्या जानेवारीत नाणं उडवून ठरवलं होतं. दर पट्टीतले पाच ऊस, मधल्या कांड्यांचा रस, हँड रिफ्रॅक्टोमीटर. दिवसभर हात चिकट.

रात्री
ब्रिक्समधला, म्हणजे रसाच्या गोडीतला फरक, पाचटवाली वजा जाळलेली: ०.८, –०.२, १.०, ०.६, १.४, ०.०. सरासरी ०.६.
चार जोड्या माझ्या बाजूने. असं लिहायला नको होतं.

९ डिसेंबर
आबा जेवताना: "पाचट ठेवलं की गोडी कमी पडती." लागणीपासून हेच म्हणतायत.

१० डिसेंबर
फरकांचं प्रमाण विचलन ०.६०७. सहाच्या वर्गमुळाने भागून ०.२४८. टी = २.४२.
घाईत नॉर्मलचं कोष्टक उघडलं. पी ०.०१६. आनंदाने उठून आईला सांगून आले. मग चूक दिसली. विचलन सहाच आकड्यांतून काढलेलं, ते स्वतःच डळमळीत. म्हणून तर टीच्या शेपट्या जाड.

११ डिसेंबर
डिग्रीज ऑफ फ्रीडम ५. त्या ओळीत दोन्ही शेपट्या धरून २.०१५ खाली ०.१०, २.५७१ खाली ०.०५. माझे २.४२ मधेच कुठेतरी. कोष्टक याहून जास्त बोलत नाही.
एक्सेलमध्ये टीडिस्ट: २.४२, ५, शेवटी २. आलं ०.०६०.
शेवटचा २ खोडून १ केला. ०.०३०. बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.

१२ डिसेंबर
दुसरी शेपटी आबांची आहे. गोडी घटेल असं ते आधीपासून म्हणत होते. ती कापली तर मोजण्याआधीच त्यांना खोटं ठरवलं.
२ परत घातला.

१४ डिसेंबर
एसटीत वाठारपर्यंत उभी. डोक्यात गॉसेट, ही टी ज्याची तो. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात त्यालाही मोजकेच नमुने मिळायचे. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना, म्हणून १९०८ चा लेख 'स्टुडंट' या नावाने.
दोन गटांचं विचलन सारखं नसेल तर काय? त्यासाठीची कोष्टकं १९३८ च्या सुमारास केली पां. वा. सुखात्म्यांनी. सातारा जिल्ह्यातलं बुध त्यांचं गाव. माझ्या जोड्या आहेत, मला ती लागणार नाहीत. तरी आकडा न् आकडा संगणकाशिवाय काढलेला, हे डोक्यातून जाईना.

१७ डिसेंबर
तोडणीची टोळी आली. आबांना सांगितलं.
"म्हंजे माझं खरं?"
नाही.
"मग तुझं?"
तेही नाही अजून. पाचटाने काहीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा टी, वर किंवा खाली, शंभरात सहा वेळा निघाला असता.
आबा तंबाखू मळत राहिले. "सहाच जोड्या घेतल्यावर आणि काय हुणार?"

१८ डिसेंबर
हे मी त्यांना शिकवलेलं नाही.

२३ डिसेंबर
रान मोकळं. गुडघाभर पाचट. सकाळपासून दोरी लावून बारा जोड्या आखल्या. आबा बांधावर उभे. खिशातून काडेपेटी काढली, परत ठेवली. पाच रुपयांचं नाणं काढलं.
"छापा पडला तर ठिवायचं का जाळायचं?"