तांबड्या शाईच्या चार ओळी

आमच्या सातारा जिल्ह्यात माणसाची पत दोन कागदांवर ठरते. एक सातबारा आणि दुसरा फौजेतला डिस्चार्ज. जमीन बहुतेकांची वीतभर, तीही खडकाळ, म्हणून दुसऱ्या कागदाला मान अधिक. अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या माणसांच्या आठवणीचा दगड आजही तिथे उभा आहे. आमचे गाव काही एवढे नामांकित नाही; पण आमच्याकडेही बऱ्याच घरांत एक काळी पत्र्याची ट्रंक सापडते. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेले असते. ट्रंकेचा धनी वारला तरी ते नाव कोणी खरवडत नाही. घरातली ठेवणीतली लुगडी तिच्यातच असतात.

फौजेतून माणूस घरी येतो तो दोन तऱ्हांनी. 'पेन्शनीत आला' असे ज्याच्याविषयी म्हणतात, त्याला पारावर सरकून जागा करून देतात. 'नाव कापून आला' असे ज्याच्याविषयी म्हणतात, त्याच्याशीही लोक नीटच बोलतात. पण तो उठून गेल्यावर जास्त बोलतात.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. इंग्रजी शिकवण्यात हयात गेली, तिचा एवढाच उपयोग आता उरला आहे. पैसे घेत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक पुष्कळ. वर चहाही माझाच जातो, असे आमच्या घरातून ऐकवले जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बायको कागदांचे गाठोडे घेऊन आली. तो स्वतः अंगणात कडुलिंबाखाली पाठ करून बसला होता. गावात त्याला सारे 'फौजी'च म्हणतात, मीही तसेच म्हणेन. त्याच्या पलटणीचे नाव मात्र लिहीत नाही.

गाठोड्यात डिस्चार्ज बुक होते. फौजीने १३ वर्षे २ महिने नोकरी केली होती. शिपायाला पेन्शन बसायला १५ वर्षे लागतात. डिस्चार्जचे कारण इंग्रजीत तीन-चार शब्दांत लिहिले होते. त्याचा अर्थ, या माणसाच्या सेवेची आता गरज नाही. मी तो तिला मराठीत सांगितला.

"गरज न्हाई म्हंजी?" ती म्हणाली. "दुकानातल्या गड्याला म्हंत्यात, उद्यापासनं येऊ नगंस, तसं?"

जवळजवळ तसेच, पण अगदी तसे नाही. लष्कराच्या १९५४ च्या नियमांतला १३ वा नियम असा डिस्चार्ज देण्याचा अधिकार देतो. ही बडतर्फी नव्हे. कागदोपत्री ही शिक्षाच नव्हे. नुसते 'आता तू नकोस' असे सांगणे आहे. गाठोड्यातच एका नोटिशीची नक्कल होती आणि तिच्यात खरे कारण होते. शिपायाला झालेल्या शिक्षांपैकी ज्या भारी, त्यांची नोंद त्याच्या आचरणाच्या कागदावर तांबड्या शाईने करतात. अशा चार नोंदी झाल्या की त्याला घरी पाठवण्याची शिफारस होऊ शकते. फौजीच्या चार पुऱ्या झाल्या होत्या. २००३ साली दारू. २००५ साली रजा संपल्यावर २२ दिवस उशिरा हजर. २००७ साली पुन्हा दारू. २००९ साली गांजा.

दारू आणि गांजा यांत गावात मोठा फरक मानतात. कायदा तेवढा मानत नाही. १९५० च्या आर्मी अॅक्टाचे ४८ वे कलम नशेत सापडणाऱ्याबद्दल आहे, मग तो कामावर असो वा नसो. आणि नशा दारूची की दुसऱ्या एखाद्या अमली पदार्थाची, याने त्यात भेद होत नाही. माणूस काम सोपवण्यालायक उरला नाही किंवा बेतालपणे वागला, एवढे बस्स. मला हे कलम रास्त वाटते. ज्याच्या हाती भरलेली बंदूक आहे त्याची झिंग गावच्या जत्रेतल्या झिंगेसारखी हसण्यावारी नेता येत नाही. उंचावरच्या थंडीत शिपायाला रम सरकारच देते आणि कॅंटीनमध्ये ती स्वस्तही मिळते, ही गोष्ट कलमाच्या शेजारी ठेवून पाहिली तर थोडे विचित्र दिसते खरे. पण दिली ती मोजून दिली, असे त्यावर कोणी म्हणेल, आणि तेही खोटे नाही.

हकीकत गावभर व्हायला दोन दिवस पुरले. पारावरचे एक पेन्शनर सुभेदार माझ्याकडे सल्ला घेऊन आले. "लिवा की मास्तर, खोकल्याचं औषध प्याला हुता म्हनून. त्यात बी आसतंच की." दुसऱ्या एकाने सुचवले की गांजा शेजारच्या खाटेवरच्याचा होता असे लिहावे, तो शेजारी आता हयात नाही, म्हणजे नाही म्हणायला कोणी यायचे नाही. हे सगळे फौजी ओट्याखाली उभा राहून ऐकत होता. ती माणसे गेल्यावर तो पहिल्यांदा वर येऊन बसला.

"गुरुजी, प्यालो ते प्यालो. वढला त्यो बी मीच. ते पुसायचं न्हाई. पर चार वळी वाचल्या, तसं बाकीचं बी वाचा म्हनावं."

अर्जाचा सारा मुद्दा त्याने एका वाक्यात सांगितला होता. वकिलांनी पुढे तीसेक पानांत जे लिहिले त्याचे सार याहून वेगळे नव्हते.

आता कायद्याचे थोडे सांगितले पाहिजे, कारण अर्ज उभा राहिला तो त्यावरच. लष्कराच्या मुख्यालयाने २८ डिसेंबर १९८८ रोजी एक पत्र काढून ठेवले होते. चार तांबड्या नोंदी झाल्या म्हणून माणसाला काढलेच पाहिजे असे नाही. आधी निष्पक्ष प्राथमिक चौकशी करावी. प्रत्येक नोंद कशाबद्दल होती ते पाहावे. त्याची नोकरी किती झाली, कसल्या कठीण ठिकाणी झाली, हे ध्यानात घ्यावे. पेन्शन जवळ आलेल्याशी कठोर होऊ नये, असा त्याचा आशय. पत्र बरेच दिवस फायलींतच राहिले असावे. २०१५ च्या ऑक्टोबरात वीरेंद्रकुमार दुबे या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे पत्र शोभेचे नाही. अधिकार मनमानीने वापरला जाऊ नये म्हणून ते आहे, आणि चौकशीवाचून दिलेला डिस्चार्ज टिकणार नाही. फौजीला नोटीस मिळाली होती, तिला त्याने चार ओळींचे उत्तरही दिले होते. चौकशी मात्र झालेली कुठे दिसत नव्हती.

पूर्वी अशा माणसाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झाले आणि २००९ पासून ते काम करू लागले. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अर्ज करायची मुदत साधारण सहा महिन्यांची. फौजीला तर सहा वर्षे झाली होती. उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज जोडावा लागला. उशिराचे कारण काय लिहायचे, असे मी विचारले तेव्हा बायको म्हणाली, "लाज वाटत हुती, आसं लिवा." वकिलांनी त्याचे इंग्रजीत दुसरेच काही केले.

बाकीचे वाचायचे तर ते आधी लिहिले पाहिजे होते. तांबड्या ओळी सरकारने तारीखवार लिहून ठेवल्या होत्या. काळ्या शाईची १३ वर्षे आम्हांला जमवायची होती. रोज संध्याकाळी, गुरे बांधून झाली की दोघे येत. मी शाळेतून मोडीत निघालेला भारताचा नकाशा भिंतीला लावला होता. फौजीला तारखा आठवत नसत, हवा आठवे. कुठे बाटलीतले पाणी गोठले, कुठे वाळूने बंदुकीचा चाप अडकला, ते तो बरोबर सांगे. तारखा तिच्याकडे होत्या. थोरली झाली तेव्हा तो कुठे होता, धाकट्याच्या बारशाला रजा का मिळाली नाही, कुठल्या सुगीला मनीऑर्डर आली नाही, असे ती बोटांवर मोजत जाई आणि मी नकाशावर टाचणी टोचत जाई. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर नेले, ते २००२ साल त्याने राजस्थानात खंदकात काढले. "आमच्या भिताडाची कड पडली ती त्याच साली," ती म्हणाली, "मी येकटीनं लिपली." मग काश्मीर. मग २००६ साली सियाचिन.

सियाचिनचे तो फार बोलला नाही. वरच्या चौकीवर तीन महिने होता. खाली आल्यावर झोप येईनाशी झाली. डोळा लागला की दोराला बांधलेला पुढचा माणूस दिसेनासा होई. दारूने झोप येई, पुढे तिनेही येईना. गांजा कुठून आला हे त्याने मला सांगितले. ते मी अर्जात घातले नाही, इथेही घालत नाही. त्याची सबब म्हणून हे मी लिहीत नाही. पहिली दारू २००३ ची, तेव्हा सियाचिन नव्हते. फौजीनेच मला याची आठवण दिली, आणि दोन नोंदी आधीच्या व दोन नंतरच्या असे स्पष्ट लिहायला लावले. रजेच्या २२ दिवसांत वडील साताऱ्याच्या इस्पितळात पडून होते, याची चिठ्ठी सापडली. तीही जोडली.

२०१२ साली त्याने पंढरपूरला माळ घातली होती. ती हकीकतही अर्जात घालावी असे मला वाटत होते. तो नको म्हणाला. "माळ त्यांच्यासाठी न्हाई घातली."

वकील स्वतः लष्करातून निवृत्त झालेले, फी बेताची घेणारे भेटले. तारखा पडत गेल्या. २०१८ साली अखेरच्या सुनावणीला मी मुद्दाम मुंबईला गेलो. पीठावर दोघे बसतात. एक न्यायखात्यातले, दुसरे लष्करात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले. सरकारी वकिलांनी चारही नोंदी वाचून दाखवल्या. त्यांत एक अक्षर वावगे नव्हते. मग लष्करातल्या सदस्यांनी कागदावरून मान वर करून विचारले, चौकी किती उंचीवर होती? फौजी मागच्या बाकावर होता. तो ताडकन उभा राहिला आणि हात शिवणीला चिकटवून त्याने फुटांत आकडा सांगितला. वकिलांनी त्याला हातानेच खाली बसवले. सदस्यांनी काहीतरी लिहून घेतले. एवढ्यावर निकाल लागला असे मी म्हणणार नाही. निकालपत्रात उंचीचा उल्लेखही नाही. चौकशी झाली नाही, नोकरीचा विचार झाला नाही, पेन्शनला दोन वर्षेही उरली नव्हती, असे तीन मुद्दे त्यात आहेत.

डिस्चार्ज रद्द झाला. १५ वर्षे पुरी होईपर्यंत तो नोकरीत होता असे पेन्शनपुरते धरावे, मधल्या दिवसांचा पगार मिळणार नाही, थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच, असा हुकूम झाला. तांबड्या नोंदी जिथल्या तिथे राहिल्या. त्या खोडा असे कोणी मागितलेच नव्हते. पहिली पेन्शन दिवाळीच्या आधी आठ दिवस बॅंकेत आली. बायकोने करंज्यांचा डबा आणून ठेवला आणि हुकूम पुन्हा एकदा मराठीत वाचून दाखवा म्हणाली. मी वाचला. 'नोकरीत होता असे धरावे' या ठिकाणी तिने मला थांबवले आणि तेवढेच पुन्हा वाचायला सांगितले.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या वाडीतला एक गडी तसलेच गाठोडे घेऊन आला. फौजीचे ऐकून आला होता. याच्या नोंदी सहा, नोकरी नऊ वर्षे, ठिकाणे बहुतेक सपाटीवरची, आणि तोंडाला तेव्हाही वास येत होता. मी भिंतीवरचा नकाशा काढला नव्हता. त्याच्याकडून ठिकाणे विचारून घेतली, टाचण्या टोचल्या, अर्ज लिहिला. तो २०१९ साली फेटाळला गेला. त्याच साली सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका शिपायाचे अपील फेटाळले. नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले होते, तेवढे पुरेसे आहे असे म्हटले. वाडीतल्या गड्याला हे मी समजावून सांगितले तेव्हा फौजी तिथेच ओट्यावर होता. गडी काही न बोलता उठला. फौजीही उठला, चपला पायांत सरकवल्या आणि त्याला वाडीच्या ओढ्यापर्यंत पोचवायला गेला.