बरोबर उत्तराला एक गुण

भाचीच्या आठवीच्या चाचणीतला तो प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. शेकडा 20 सूट देऊन एक वस्तू 960 रुपयांना विकली, तर तिची छापील किंमत किती? गुण तीन. तिनं लिहिलं : छापील किंमत 100 असेल तर विक्री 80 ला, 80 ला 100, तर 960 ला 1200. खाली ताळाही केला : 1200 चे शेकडा 20 म्हणजे 240, वजा जाता 960. मिळाला एक गुण. बाजूला लाल शेरा, ‘क्ष मानून सोडवा.’

तिच्या मैत्रिणीनं ‘छापील किंमत क्ष मानू’ असं लिहिलं आणि पुढे 960 चेच शेकडा 20 काढून त्यात मिळवले. उत्तर 1152. तिला पायऱ्यांचे दोन गुण. त्या 1152 वर वीस टक्के सूट दिली तर 921 रुपये 60 पैसे उरतात, 960 नव्हे. चुकलेल्या उत्तराला जास्त आणि ताळा जुळलेल्या उत्तराला कमी, हे कसं पटावं?

मी हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघते. एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यामुळे हे उलटं गणित माझ्या रोजच्या कामाचं. 18 टक्के जीएसटीची वस्तू 590 ला असेल तर 118 नं भागायचं, 100 नं गुणायचं : मूळ किंमत 500, कर 90. चांगली शिकलेली माणसंही 590 चेच 18 टक्के काढतात आणि कर 106 रुपये 20 पैसे झाला म्हणून वाद घालतात. टक्के कशाचे, एवढंच स्वतःला विचारायचं असतं. भाचीनं ते विचारलं होतं.

पालकसभेला मी सरांना गाठलं. “ताई, पुढे बोर्डात पायऱ्यांना गुण असतात. आत्तापासून सवय नको का?”

“मग त्रैराशिकात पायऱ्या नाहीत का, सर?”

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त त्रैराशिक आहे, उत्तराकडून मागे जायचा व्यस्तविधीही आहे. तेही सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. गुण वाढले नाहीत. वाटेत भाची म्हणाली, “मावशी, पुढच्या वेळी क्षच लिहीन. कळो न कळो.” गुणांपेक्षा हेच मला जास्त लागलं.

पालकांना माझं सांगणं आहे, मुलांना आधी ताळा करायला लावा. आलेल्या उत्तरावर सूट देऊन बघा, प्रश्नातली रक्कम परत येते का. रीत कुठलीही असो, ताळा फसवत नाही.

पुढे तिनं एक उदाहरण आणलं. दोन वस्तूंची छापील किंमत मिळून 1000. एकीवर शेकडा 10, दुसरीवर शेकडा 25 सूट. एकूण दिले 840. माझं त्रैराशिक तिथे अडलं. तिनं पहिलीची किंमत क्ष मानली, दुसरीची 1000 वजा क्ष, आणि चार ओळींत 600 आणि 400 काढून दाखवले. क्ष शिकवायलाच हवा, सरांचं त्यात खरं होतं. माझा राग तरीही गेलेला नाही. क्षच हवा असेल तर ‘समीकरण मांडून सोडवा’ असं प्रश्नातच छापा. तसं छापलं नसेल, तर 1200 ला तीनपैकी तीन द्या.