धोबी तलावची गिटार

"एम-थ्री सुटली की गिटार!" असं बाबा म्हणाले, तेव्हा एम-थ्री काही सुटत नाही याची त्यांना खात्री असावी. पण तिसऱ्या प्रयत्नात सुटली! बाबा शब्दाला जागले. एका शनिवारी आम्ही दोघं डोंबिवलीहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरलो.

बाबांची 28 वर्षं याच लोकलमध्ये गेली. काळबादेवीला कापडाच्या पेढीवर ते हिशेब लिहायचे. त्यामुळे रस्ता विचारायचा प्रश्नच नव्हता. महापालिकेची इमारत, आझाद मैदान, झेवियर्स कॉलेज, मेट्रो सिनेमा आणि समोर वासुदेव बळवंत फडके चौक. म्हणजे डोंबिवलीच्या फडके रोडवरून निघालेला माणूस शेवटी फडके चौकातच पोहोचला! हाच धोबी तलाव. तलाव केव्हाच बुजला, नाव तेवढं राहिलं.

इथली जेर महाल ही जुनी इमारत गोवेकरांच्या 'कूडां'साठी प्रसिद्ध. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब. बोटीवर नोकरीला जाणारे, मुंबईत काम शोधणारे गोवेकर तिथे उतरायचे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला शिकवत. त्यातले कित्येक पुढे मुंबईत आले आणि हॉटेलांच्या बँडमध्ये, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. 'अमर अकबर अँथनी'तलं (1977) अँथनी गोन्साल्विस हे नाव खऱ्या माणसाचं आहे, ठाऊक होतं? माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलाल यांचे गुरू! अशा मंडळींना तारा आणि नोटेशनची पुस्तकं लागणारच. इथलं फुर्टाडोज तर 1865 पासूनचं.

पहिल्याच दुकानाच्या दारात बाबा थबकले आणि चपला काढू लागले.

"अहो बाबा, इथे चालतात चपला!" मी ओशाळून म्हणालो.

"वाद्यं आहेत रे आत."

आतला माणूस हसला. "काका, या तसेच."

तेव्हा मला कळलं, की 28 वर्षं या काचांवरून रोज चालत गेलेला हा माणूस आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "घ्यायचं नसलं की आत कशाला जायचं?"

आत गेल्यावर माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. सहा पोलादी तारांचा ताण मिळून साधारण 70 किलो, म्हणजे एक माणूस कायमचा लोंबकळलेला! म्हणून गिटारच्या मानेत आतून सळई असते आणि घेताना एक डोळा मिटून मान सरळ आहे का बघायचं असतं. फ्रेट्सचंही गणित आहे. दर फ्रेटला उरलेली लांबी 1.0595 ने भागत जायची, बाराव्या फ्रेटला तार बरोबर निम्मी. तार 634 मिलिमीटर असेल तर 317. हे सगळं मी बाबांना ऐकवलं.

"म्हणजे एम-थ्री कामी आली म्हणायची," बाबा.

तीन दुकानं फिरून दोन गिटारी उरल्या. एक बजेटमधली, मान किंचित वाकलेली. दुसरी दोन हजारांनी महाग. मी म्हणालो, "पहिलीच घेऊ, शिकायलाच तर हवी." बाबांनी काही न बोलता दोन्हींची एकेक तार छेडली आणि डोळे मिटून ऐकलं. दर मंगळवारी भजनाला टाळ धरणारा माणूस तो!

"ही गाते. ती नुसती वाजते."

मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून चष्म्यासाठी ठेवलेले पैसे काढले. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही.

येताना स्लो लोकल पकडली. गर्दीत चार अनोळखी हातांनी गिटार वर रॅकवर पोहोचवली. डोंबिवली येईपर्यंत बाबांची नजर तिच्यावरच!

आता रविवारी होस्टेलवर त्यांचा फोन येतो. अभ्यासाची चौकशी झाली की म्हणतात, "ऐकव." मला अजून तीनच कॉर्ड येतात, 'सी'वरून 'जी'वर जाताना हमखास अडखळतो. ते म्हणतात, "चालू दे."

तर मित्रांनो, कधी धोबी तलावला गेलात, तर घ्यायचं नसलं तरी आत जा. कोणी हाकलत नाही. आणि जमलं तर बाबांना सोबत न्या!