प्रवासाचे वस्त्र

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक येते ते बहुधा एखादा प्रसंग मनात धरून. लग्न, बारसे, दिवाळी, शाळेचा गणवेश. प्रत्येकाचे कापड निराळे. मात्र ‘प्रवासात घालण्याजोगे काही दाखवा’ असे सोलापुरातील आमच्या दुकानात फारच थोड्यांनी म्हटले असेल. वास्तविक व्यापारी कुटुंबांना रेल्वेचा प्रवास काय थोडा घडतो? खरेदीसाठी सुरत, तिरुपूर, लुधियाना; शिवाय सोयरीक दूरदूरची. तरीही गाडीत बसताना आपण जे नेसतो ते उतरल्यावर पाहणाऱ्यांसाठी असते. चोवीस तास बसून राहणाऱ्या देहाचा विचार त्यात क्वचितच होतो.

माझी धाकटी बहीण कोइमतूरला दिली आहे. सोलापूरहून तेथे पोहोचण्यास जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. सासरची मंडळी स्थानकावर न्यायला येतात, म्हणून आई घरूनच भारी काठाची, कृत्रिम धाग्याची साडी नेसून निघत असे. उतरेपर्यंत पाय सुजलेले आणि कमरेवर परकराच्या नाडीचे लाल वळ. सत्तरी ओलांडल्यावर ती एके दिवशी म्हणाली, “आता लेकीनेच येत जावे. मला हा प्रवास झेपत नाही.” त्यात वयाचा भाग होताच, पण पुष्कळसा भाग साडीचा आहे, हे माझ्या पत्नीने ओळखले.

कापडवाल्याला याचे कारण ठाऊक असते. वस्त्रोद्योगात धाग्याने हवेतील ओलावा किती धरावा याची प्रमाणे ठरलेली आहेत. सुतासाठी ते कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के आहे, पॉलिएस्टरसाठी अवघे 0.4 टक्के. म्हणजे सूत घाम टिपून घेते. पॉलिएस्टरखाली तो अंगावरच राहतो. त्यातच बसून राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त वर चढण्यास लागणारी त्यांची मदत थांबते आणि पावले सुजतात. अशा वेळी कमरेची गाठ, घोट्याचे इलॅस्टिक आणि चपलेचा पट्टा, तिन्ही सैल हवेत. आपल्या घरांत कातडे वर्ज्य असते. तेव्हा मऊ तळाची, पट्टा सैल करता येईल अशी कापडी चप्पल उत्तम. एकाच प्रवासात दुपारी रायचूर-गुंटकलचे ऊन आणि रात्री बंगळूरची थंड हवा लागते. वातानुकूलित डबा असेल तर दुपारीही गारवाच. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा सुती कपड्यावर हलकी शाल आणि पायांत सुती मोजे बरे.

आमचे आजोबा खरेदीला निघत ते धोतर, मलमलची बंडी आणि उपरणे एवढ्यावर. बंडीच्या आतल्या चोरखिशात पैसे. उपरणे कधी रुमाल, कधी उशी, कधी पांघरूण. त्या वेषात देहाला कोठेही काच नव्हता.

पत्नी आईंना म्हणाली, “आई, गाडीत तुमची धुवून मऊ झालेली सुती साडी नेसा. काठाची साडी पिशवीत ठेवू. वन्संच्या घरी पोहोचल्यावर नेसता येईल.” आईची हरकत एकच होती: “चुरगळलेल्या साडीत व्याह्यांसमोर कशी उतरू?” घरातील चार माणसांनी समजावल्यावर ती कशीबशी तयार झाली. परकराला नाडीऐवजी रुंद पट्टी लावून दिली. दर दोन तासांनी डब्यातल्या डब्यात चार पावले चालायचे, असेही ठरले.

कोइमतूरला बहिणीच्या सासूबाई स्वतः स्थानकावर आल्या होत्या. त्यांनी साडीकडे पाहिलेसुद्धा नाही. “प्रवास सोसला ना?” एवढेच विचारून त्यांनी आईंचा हात धरला. आई तेथे महिनाभर राहिल्या आणि परतीच्या गाडीत पुन्हा तीच सुती साडी नेसून बसल्या.

सुट्यांचे दिवस जवळ आले आहेत. घरोघरी सामान बांधताना वडीलधाऱ्यांनी गाडीत काय नेसावे, हेही एकदा आपुलकीने विचारावे. ‘झेपत नाही’ म्हणून त्यांनी टाळलेल्या एखाद्या प्रवासाला त्या निघतीलही.