चार मूलद्रव्यांचं गाव

एखाद्या मूलद्रव्याला आपल्या गावाचं नाव मिळालं, तर केवढी ऐट वाटेल! पण स्वीडनमधल्या एका चिमुकल्या गावावरून चक्क चार मूलद्रव्यांची नावं पडली आहेत. चला, आज तिथेच जाऊ या.

स्टॉकहोम शहराच्या ईशान्येला समुद्रात पुष्कळ लहानमोठी बेटं आहेत. त्यांतल्या रेसारो बेटावर आहे हे इटर्बी गाव. इथल्या टेकाडावर एक जुनी खाण आहे. चिनी मातीच्या भांड्यांना लागणारं फेल्स्पार हे खनिज तिच्यातून काढत. १७८७ साली कार्ल आरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला इथे एक दगड सापडला. दिसायला कोळशासारखा काळा, पण उचलावा तर चांगलाच जड! हा आहे तरी काय? त्याने तो जाणकारांकडे धाडला. १७९४ मध्ये योहान गाडोलिन या रसायनशास्त्रज्ञाला त्यात एक अनोळखी ‘माती’ आढळली. धातूंच्या काही ऑक्साइडांना त्या काळी मातीच म्हणत. या मातीतला धातू म्हणजे इट्रियम.

पण खरी गंमत पुढेच! ती माती एकटी नव्हतीच. १८४३ मध्ये तिच्यातून टर्बियम आणि अर्बियम यांच्या मात्या वेगळ्या झाल्या, तर १८७८ मध्ये इटर्बियमची. एवढा उशीर का बरं? अहो, ही भावंडं जुळ्यांसारखी! रासायनिक क्रियांत सगळी जवळपास सारखीच वागतात. त्यांना वेगळं करायला तेच ते काम पुन्हा पुन्हा, चिकाटीने करावं लागतं.

इट्रियम दिसतं चांदीसारखं, पण वजनाला लोखंडापेक्षा बरंच हलकं. जुन्या रंगीत टीव्हीतला लाल रंग इट्रियमच्या संयुगात थोडं युरोपियम मिसळून मिळवत. अर्बियम तर दूरदेशी जाणाऱ्या काचतंतूंतला मंदावलेला प्रकाश पुन्हा प्रखर करतं.

या धातूंना ‘विरल मृत्तिका’ म्हणतात, म्हणजे दुर्मीळ माती. पण नावावर जाऊ नका! पृथ्वीच्या कवचात इट्रियम शिशापेक्षाही जास्त आहे. फक्त ते एका जागी साठलेलं क्वचितच मिळतं.

१९३३ मध्ये खाण बंद पडली. पुढे तिच्या पोटात इंधनही साठवलं गेलं. आज ती शांत आहे.

सहलीला गेलात आणि एखादा वेगळा दगड दिसला, तर आधी हातात घेऊन बघा हं. आरेनियसनेही तेवढंच तर केलं होतं!